दसऱ्याच्या अंकाला बक्षीस

ज्या अंकाला बक्षीस मिळालं तो अंक मी जुळवला होता. एकेक खिळा हातानं उचलून. खिळे म्हणजे शिशाच्या बारीक कांड्या, टोकाला उलटं अक्षर. लाकडी केसच्या खणांतून त्या वेचायच्या, त्यांची ओळ करायची, ओळींचं पान करायचं आणि पान लोखंडी चौकटीत घट्ट आवळायचं. आवळलेल्या पानाला आम्ही फर्मा म्हणायचो. फर्मा यंत्रावर चढला की मशीनवाले मामा पाय मारायला लागत आणि छापलेले कागद बाहेर पडत. माझ्या कामाचं नाव जुळारी. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला असं कामाचं नाव मिळालं, याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं. खरं सांगायचं तर अजून आहे.

नावं कुणाचीच घालत नाही. साप्ताहिकाचं नाही, पुढं येणाऱ्या तलावाचं नाही, त्या तलावाच्या गावाचंही नाही. तात्या आता नाहीत, पण त्यांची मुलं आहेत, नातवंडं आहेत. दिवाळीला त्यांच्याकडून मला अजून फराळाचा डबा येतो.

माझं घर राजूरच्या वर, डोंगरात. तिथून राजूरपर्यंत पायी यायचं, पुढं एसटीनं संगमनेर, तिथं दुसऱ्या गाडीची वाट बघत बसायचं, आणि मग नगर. पोचेपर्यंत दिवस मावळायचा. मी नगरला आलो तो हमालीला. पोती उचलली, पावसात भिजलो, तापानं पडलो. ज्या ओट्यावर पडलो तो तात्यांच्या छापखान्याचा होता. दुसरा कुणी असता तर त्यानं पायानं ढकलून बोळात लोटलं असतं. तशी माणसं मी त्याआधी पाहिली होती. तात्यांनी आत घेतलं. वर माडीवर त्यांचं बिऱ्हाड होतं, तिथून काकूंनी मऊ भात पाठवला. डोंगर सोडल्यापासून तो पहिला भात. ताप उतरल्यावर मी रद्दीतला कागद वाचत बसलो होतो, तर तात्या समोर येऊन उभे.

"वाचता येतं?"

"येतं."

"उलटं येईल?"

मला वाटलं चेष्टा करतायत. "शिकलो तर येईल," म्हणालो.

"मग हो उभा. पाय दुखले तर सांगायचं नाही."

एवढ्यावर मला काम मिळालं. निजायला कागदाच्या रिमांवरची जागा, दोन वेळा काकूंच्या हातचं जेवण. मामा मला 'डोंगऱ्या' म्हणत. "ए डोंगऱ्या, शाई आण. ए डोंगऱ्या, तुमच्यात चपला घालत्यात का रे, का पायच टणक असत्यात?" मी हसायचो. हसलं की माणसं लवकर गप्प बसतात, हे मी हमालीत शिकलो होतो. मनात मात्र एक धाक कायम असायचा. आज ना उद्या यांच्या ध्यानात येईल की हा माणूस काही कामाचा नाही, आणि पुन्हा ओट्यावर जावं लागेल. रात्री निजताना मी रिमांच्या अगदी कडेला निजायचो, म्हणजे कागद चुरगाळला असं कुणी म्हणायला नको.

तात्यांचं साप्ताहिक म्हणजे आठवड्याला चार पानं. बाजारभाव, कोर्टाच्या नोटिसा, पुढाऱ्यांचे दौरे, हरवलेल्या म्हशी, आणि पहिल्या पानावर तात्यांचा लेख. तात्यांची भाषा चांगली होती. 'हे विशेष' हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग. कुठल्याही वाक्याच्या शेवटी ते तो ठेवून द्यायचे. पाहुण्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, हे विशेष. त्यामुळं आमच्या केसमध्ये 'वि' आणि 'श' कायम कमी पडायचे. मी त्यांना हे एकदा सांगितलं, तर खूष झाले.

ते दुष्काळाचं साल होतं. पारनेरकडं तर प्यायच्या पाण्याची बोंब. गावंच्या गावं सरकारी कामावर होती. कुठं खडी फोडायची, कुठं माती वाहायची, कुठं पाझर तलाव. दसऱ्याच्या आधी तात्या असल्याच एका तलावाचं काम बघून आले. ओव्हरसियरच्या जीपमधून गेले, जीपमधूनच परत आले. येताना तिकडून सुकडीची पुडी आणली होती, मजुरांना वाटतात ती. "चाखून बघ, काय चव आहे!" म्हणून आम्हाला चिमूट चिमूट दिली. मग लेख लिहिला. तलावाची भिंत किती उभी राहिली, बायाबापड्या कशा आनंदानं राबतात, ओव्हरसियर कसे पोटच्या पोरांसारखी मजुरांची काळजी घेतात. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण पुढं ते मला पुष्कळदा ऐकावं लागलं. 'दुपारी बारा ते दोन काम सक्तीने बंद ठेवून मजुरांना विश्रांती देण्यात येते, हे विशेष.'

हा लेख दसऱ्याच्या अंकाच्या पहिल्या पानावर जायचा होता. दसऱ्याचा अंक म्हणजे वर्षाचा मोठा अंक. कागद चांगला, शाई नवी, शेटजींच्या शुभेच्छांच्या जाहिराती. मी तो अंक जीव लावून जुळवला. प्रूफ तीनदा काढलं.

आता छापखान्याची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळेच करतात. शेतकरी कोयता-खुरपं पुजतो, गवंडी थापी पुजतो. आम्ही यंत्र पुजायचो. पण तात्यांच्या वडिलांपासून त्या छापखान्यात असं होतं की यंत्र रिकाम्या पोटी पुजायचं नाही. दसऱ्याच्या अंकाचे फर्मे आवळून तयार ठेवायचे, पहिल्या पानाचा यंत्रावर चढवायचा, आणि त्यासकट हळदकुंकू वाहायचं. पूजा झाली की दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत फर्म्याला हात लावायचा नाही. सोनं वाटलं की नारळ फोडून थेट छपाई. दरम्यान चूक सापडली तरी ती तशीच छापायची. एका वर्षी म्हणे एका शेटजींच्या दुकानाचं नावच चुकलं होतं, तेही तसंच छापलं. त्याचं तात्यांना उलट कौतुक होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला दुपारी पूजा झाली. झेंडू मिळत नव्हता, काकूंनी कुठून तरी चार फुलं मिळवली होती. शिशावर हळदकुंकू पडलं की फार छान दिसायचं. नैवेद्याचं ताट ठेवून तात्या सोवळं सोडायला वर निघाले, तेवढ्यात दारात माणूस उभा. डोक्याला टापशी, धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं. त्याच्यामागं पाच-सहा वर्षांची पोर, त्याच्या धोतराचं टोक धरून.

"पेपर हितंच निघतोय का?"

"निघतो. काय काम आहे?"

"बातमी द्यायची हाय."

तात्यांनी त्याला आत घेतलं नाही, पण उभ्या उभ्या ऐकून घेतलं. तो पारनेरकडचा. त्याची बहीण पाझर तलावाच्या कामावर होती. तात्यांनी बघितला तोच तलाव. आदल्या दिवशी ऐन दुपारी मुरूम खणताना वरची दरड तिच्यावर आली. काढेपर्यंत संपली होती.

"आणि आता मुकादम म्हनतोय का, काम बंद हुतं. सुट्टीत सगळी झाडाखाली, आन् ही एकलीच खाणीत काय करत हुती? असं म्हनतोय. चारचौघात म्हनतोय, तात्या." त्याला कुणीतरी बाहेर तात्यांचं नाव सांगितलं असावं. "तिच्या सासरची मानसं त्येच धरून बसलीत. कुनासंगं गेल्ती, म्हनत्यात. मातीला बी आली न्हाईत. ह्या पोरीला दारात उभी करंनात."

पोर आमच्या यंत्राकडं बघत होती. फुलं वाहिलेलं यंत्र तिला देव वाटला असेल. तिनं हात जोडले.

"काम चालू हुतं," तो म्हणाला. "वल्ला मुरूम निघत हुता, वाळायच्या आत भिंतीवर टाकायचा म्हनून मुकादमानंच बायकांना सुट्टी दिली न्हाई. हातात कुदळ हुती तिच्या. कुदळीसकट काढली आमी. तेवढं छापा. बाकी काय नको. काम चालू हुतं, एवढं छापा."

तात्या गंभीर झाले. वाईट त्यांना वाटलंच. मी चेहरा बघत होतो. "अरेरे," म्हणाले. मग यंत्राकडं बघितलं. "पण बाबा, पूजा झाली. आता फर्मा उघडता येत नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे अंक तयार झाला. त्यावर हळदकुंकू पडलं. पुढच्या अंकात घेऊ."

त्याला ते कळलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "पाचच वळी घाला."

मामा कोपऱ्यात नैवेद्याच्या ताटाकडं लक्ष ठेवून बसले होते. त्यांना भूक लागली होती. "अरे बाबा, पूजेचं यंत्र हाय ते," मामा म्हणाले. "तुजी भन एक दिस आधी गेली असती तर पहिल्या पानावर गेली असती. आता थांब की आठ दिस. ती काय आता कुटं चालली न्हाई."

तात्यांनी "मामा!" म्हणून दटावलं, पण ओठांच्या कडेला हसू होतं. तो माणूस मामांकडं बघत राहिला. रागानं नाही. आपण कुठं चुकलो ते शोधत असल्यासारखा. मग त्यानं तात्यांच्या पायाला हात लावला आणि पोरीला घेऊन गेला. पोरीच्या हातावर मी प्रसादाचा पेढा ठेवला, तेवढंच.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, नारळ फुटला, अंक छापला. ओव्हरसियर बायाबापड्यांची काळजी घेतात आणि बारा ते दोन काम सक्तीने बंद असतं, असा अंक जिल्हाभर गेला.

तात्यांनी शब्द पाळला, म्हणजे निम्मा पाळला. दसऱ्यानंतर त्यांनी स्वतः ती बातमी लिहून मला दिली. चांगली लिहिली होती. मी जुळवली, बरोबर पाच ओळी झाल्या. शेवटची ओळ, 'दुर्घटना घडली त्या वेळी काम चालू होते.' त्या ओळी दोऱ्यानं बांधून मी फळीवर ठेवल्या. त्या आठवड्याला जागा नाही झाली. पुढच्या आठवड्याला ओव्हरसियर आले, त्यांच्या खात्याची मोठी नोटीस घेऊन. चहा झाला. "वाईट झालं हो त्या बाईचं," तात्या म्हणाले. "वाईटच," ओव्हरसियर म्हणाले, "पण सांगितलेलं ऐकत नाहीत ना या बायका." आणि नोटिशीनं अख्खं पान गेलं.

त्यानंतर बक्षिसाचं पत्रक आलं. जिल्ह्यातल्या साप्ताहिकांमधून उत्तम अंक निवडायचा, असं एका मंडळानं ठरवलं होतं. ढाल मिळणार, शहरातल्या मोठ्या सभागृहात सत्कार होणार. आणि ज्याला ती ढाल मिळेल त्याच्याकडं सरकारी नोटिसा आपोआप वळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आमचं साप्ताहिक तेव्हा शेवटच्या घटका मोजत होतं. कागदवाला दारात बसायचा. तात्या एकदा जेवताना म्हणाले होते, "ढाल आली तर चालू, नाही तर बंद." काकूंचा हात माझ्या ताटावर थांबला होता. मी त्या रात्रीच जेवण कमी केलं, जसा काही माझ्या अर्ध्या भाकरीनं छापखाना वाचणार होता.

पाठवायचा अंक कोणता? दसऱ्याचाच. त्याच्यासारखी छपाई आमच्याकडं वर्षात झाली नव्हती.

तो माणूस बाजाराच्या दिवशी येतच होता. दारात उभा राहायचा, आत यायचा नाही. कधी पोर बरोबर, कधी एकटा. "आलं का?" विचारायचा. मी म्हणायचो, "अजून नाही, पाव्हणं." "बरं," म्हणायचा. कधी जाता जाता मला विचारायचा, "पर लिवलंय न्हवं? काम चालू हुतं असं?" मी फळीवरच्या ओळी त्याला दाखवायचो. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो वाकून त्या शिशाकडं बघायचा. एकदा त्यानं बोट लावून विचारलं, "हितं तिचं नाव हाय का?" मी म्हटलं, हो, हे. त्यानं बोट तसंच ठेवलं. मामा मागून ओरडले, "अय, खिळं कमी पडत्यात आदीच, घाण लावू नगंस!"

मी एकदा धीर केला. तात्या एकटे होते. "तात्या, त्या पाच ओळी… या अंकात जागा आहे."

तात्यांनी चष्मा काढला. "दसऱ्याचा अंक परीक्षकांकडं गेलाय. त्यात आपण काय लिहिलंय? काम बारा ते दोन बंद असतं. आता लिहायचं, चालू होतं. परीक्षक काय म्हणतील? हे लोक स्वतःच्याच अंकाला खोटं ठरवतात. निकाल लागू दे. मग छापू."

"तोवर तिच्या पोरीला…"

"तुला इथं कुणी उपाशी ठेवलंय का?"

"नाही, तात्या."

"निजायला जागा आहे?"

"आहे."

"मग जिल्ह्यातल्या सगळ्या पोरींची काळजी तू करायची का? राजूरची गाडी सकाळी असते. संगमनेरला बदलावी लागते, तुला माहीतच आहे."

आवाज चढला नव्हता. उलट मायेनं बोलावं तसं बोलले. मी परत केसपाशी येऊन उभा राहिलो. गंमत बघा, मला तात्यांचा राग आला नाही. त्यांनी मला गाडीत बसवलं नाही, म्हणून उपकारच वाटले.

आणि ढाल आम्हालाच मिळाली.

सत्काराचा दिवस मी विसरणार नाही. सभागृहात पंखे होते. व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यांपैकी एक परीक्षक, कुठल्याशा कॉलेजचे गुरुजी, बोलायला उठले. म्हणाले, "दुष्काळावर सगळेच रडगाणं गातात. या अंकानं दुष्काळात चाललेलं चांगलं काम दाखवलं. आणि छपाईत आम्हाला एकही चूक सापडली नाही. मी भिंग घेऊन बसलो होतो." लोक हसले, टाळ्या पडल्या. मग तात्यांना शाल, श्रीफळ आणि ढाल. तात्या मोठ्या मनाचे. त्यांनी माईकवर सांगितलं की हा माझा जुळारी, डोंगरातून आलेला, याच्या हाताला हे यश आहे. मला आणि मामांना वर बोलावलं. आम्हाला टॉवेल आणि टोपी. शाल मालकाला, टॉवेल-टोपी गड्याला, हे आमच्याकडं सगळ्याच सत्कारांत ठरलेलं असतं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मला रडू आलं. आयुष्यात कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. समोर पहिल्या रांगेत ओव्हरसियर बसले होते, तेही वाजवत होते. मामा खाली उतरताना माझ्या कानात म्हणाले, "टोपी लहान हाय, डोंगऱ्या. तुजं डोकं मोठं झालं का काय?"

लगेच अभिनंदनाचा विशेष अंक काढायचा ठरला. शहरातला जो तो जाहिरात घेऊन आला, 'हार्दिक अभिनंदन'. एवढी अभिनंदनं एकदम जुळवायची म्हणजे खिळे पुरेनात. तात्या फळीजवळ आले, दोऱ्यानं बांधलेल्या पाच ओळी उचलून माझ्या हातात दिल्या. "सोड हे. परत जुळवता येतील, पाच ओळी तर आहेत." मी दोरा सोडला आणि खिळे आपापल्या खणांत टाकले. तिच्या नावातला 'द' कुठल्या अभिनंदनात गेला ते मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात तो माणूस आला. या वेळी दारात थांबला नाही, सरळ आत आला. अंगावर धुतलेली पैरण. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात नारळ. नारळ चांगला मोठा, शेंडीवाला. त्या वर्षी त्या माणसानं तो कसा आणला असेल, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. पोर मागं होती. तिलाही वेणी घातलेली.

"तात्या," तो म्हणाला. "लई उपकार झालं. आमच्या गावात ग्रामसेवक सांगत हुता, तलावाच्या बातमीला नगरात बक्षीस मिळालं. मोठ्या मानसांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हनलं, बगा, माझ्या भनीची बातमी. आता कोन काय बोलतंय बगू."

मामांचा पाय यंत्रावर थांबला. मी खाली बघितलं. आता तात्या सांगतील, असं मला वाटलं. पण त्यानं हार पुढं केला होता, आणि हार पुढं आला की तात्यांची मान आपोआप वाकायची. हार गळ्यात पडला. मग त्यानं यंत्रापुढं नारळ ठेवला.

"एक कागद द्या तेवढा. आन् वाचून दावा. हिला ऐकू द्या."

तात्यांनी दसऱ्याचा अंक काढला. पहिलं पान समोर धरलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी ते पान जुळवलेलं. मला अक्षर न् अक्षर माहीत होतं. त्यात नव्हतं ते तात्या वाचत होते. तिचं नाव वाचलं. गावाचं वाचलं. रखरखत्या उन्हात दोन घास न खाता कुदळ चालवणारी ही माऊली, असं वाचलं. मुकादमाची खरडपट्टी वाचली. 'दुर्घटना घडली त्या वेळी काम चालू होते, हे विशेष,' असं वाचलं. कुठं अडखळले नाहीत. इतकं सुंदर त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. शेवटी शेवटी त्यांचा स्वतःचाच आवाज कापरा झाला, डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस तर भिंतीला धरून रडत होता. पोरीनं त्याला विचारलं, "मामा, आई हाय का त्यात?" आणि तो म्हणाला, "हाय, हाय."

अंकाची नीट घडी करून त्यानं पैरणीच्या आत ठेवली. "आता ह्यो कागद घिऊन तालुक्याला जातो. सायबाच्या टेबलावर टाकतो. मग तिच्या सासऱ्याच्या तोंडावर."

तात्या म्हणाले, "जा, जा." तो गेला. मग मामा म्हणाले, "वाचलं मात्र फक्कड." तात्यांनी गळ्यातला हार काढून ढालीला घातला. नारळ मामांनी फोडला. पाणी गोड होतं. मलाही खोबरं दिलं. मी खाल्लं. भूक लागली होती.

दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा उन्हं कलली होती. पैरण तीच, मळलेली. पोर होतीच. तो भांडायला आला असेल म्हणून मामा उठून उभे राहिले. तसलं काही झालं नाही. त्यानं घडी काढून टेबलावर ठेवली.

"सायबानं वाचला," तो म्हणाला. "सासरा बी हुता तितं, मीच न्हेल्ता. समद्यांसमोर वाचायला सांगितला मी. बारा ते दोन काम बंद, असं हाय म्हनं त्यात. सक्तीनं बंद." त्यानं घडीवर बोट ठेवलं. "सायेब म्हनला, तुमीच आनलाय की पुरावा. बक्षिसाचा पेपर हाय, खोटं कसं आसंल?"

तात्या म्हणाले, "बस, बस जरा. ऐक माझं. पुढच्या अंकात…"

"नको. तुमचा कागद ठिवा. आमचा नारळ तेवढा द्या."

तात्यांनी मामांकडं बघितलं. मामांनीच शेवटी सांगितलं, "फोडला की रं. प्रसाद म्हनून वाटला." आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ग्वाड निगाला."

तो माझ्याकडं वळला. त्या घरात मी एकटाच त्याला पाव्हणं म्हणायचो. "तुमी बी खाल्ला?"

"खाल्ला," मी म्हणालो.

तात्यांनी पटकन ढालीशेजारचं श्रीफळ उचललं, सत्कारातलं, लाल रंगाचं कुंकू लावलेलं, आणि त्याच्यापुढं धरलं. त्याचा हात पुढं आला नाही. पोरीचा आला. तिनं दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि पोटाशी धरला. त्यानं खाली वाकून तो तिच्या हातांतून सोडवून घेतला. ती सोडत नव्हती, तर एकेक बोट उचलून सोडवला, आणि यंत्राच्या पायरीवर ठेवला. "ह्यो आपला न्हाई," तिला म्हणाला.

बोळाच्या टोकापर्यंत ती मागं वळून वळून बघत होती. आमच्याकडं नाही, नारळाकडं.

तात्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "चल रे, पान आवळ. उद्या अंक आहे." मी आवळलं. नोटिसा भरपूर होत्या त्या आठवड्यात. छापखाना तरला. पुढं माझं लग्नही तात्यांनीच लावलं, पहिलं बिऱ्हाडही त्यांनीच बघून दिलं. दसऱ्याचा तो अंक काचेच्या चौकटीत भिंतीवर लागला, आणि दर खंडेनवमीला यंत्राबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहायचं काम माझ्याकडं आलं.

तो माणूस गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी त्या श्रीफळाची चटणी केली. टॉवेल-टोपीचा मानकरी म्हणून माझ्या ताटात जास्त वाढली. पुरे म्हणायचा धीर मला झाला नाही. ताटात काही टाकलं तर काकूंना वाईट वाटेल, म्हणून मी बोटानं चाटूनपुसून खाल्ली.